चिकातली हिमफुलं

किळस येण्याच्या बाबतीत मी जरा रसिक माणूस आहे. कुणाला अत्तरातलं कळतं, कुणाला गाण्यातलं. मला घाणीतलं कळतं. भोसरीच्या एमआयडीसीत, मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनला माझी उभी नोकरी झाली. आमच्या भागात सुट्टी गुरुवारची. गुरुवारभर मशीनच्या टाकीतलं कूलंट, म्हणजे धातू कापताना गार ठेवणारं तेलकट पाणी, स्वस्थ पडून राहतं आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला कुणी पंप चालू केला, की सडक्या अंड्यांचा असा काही भपकारा उठतो की नवी पोरं रुमाल शोधत पळतात. मी पळत नाही. मी तिथेच उभा राहतो, नाक चिमटीत धरतो, डोळे पांढरे करतो आणि खालच्या पट्टीत विचारतो, "कोण वारलं?" कामगारांच्या नाटकांतून बरीच वर्षं कामं केली आहेत. किळस दाखवायची संधी आली की माझ्याच्यानं सोडवत नाही.

पण त्या हिवाळ्यात आमच्या दिघीच्या घरात जे घडलं त्याला अभिनयाची गरजच पडली नाही.

माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, बीडकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. मोशीच्या एका लहान मुलांच्या शाळेत तिला शिकवायचं काम मिळालं होतं, पण कच्चं. शाळेच्या मॅडम म्हणाल्या होत्या, डिसेंबरच्या गॅदरिंगपर्यंत तुमचं काम बघते, मग कायम करायचं की नाही ते सांगते. तिकडे गावाला तिच्या वडिलांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण भाचीला आत्ता लग्नच नको होतं, तिला ही शाळा हवी होती, तिथली नाकं गळणारी पोरं हवी होती. बापलेकीत सौदा ठरला होता. कायम झाली तर राहा. नाही झाली तर बॅग भर, मी न्यायला येतो.

आणि मॅडमनी गॅदरिंगचा विषय काय निवडावा? बर्फ!

मोशीत बर्फ! एका बाजूला ट्रकचे टायर विकणारे, दुसऱ्या बाजूला पत्रा कापण्याचं वर्कशॉप, मधे शाळा, आणि तिच्या हॉलमध्ये हिमवर्षाव. तोही थर्माकोलचा नाही. पालक हल्ली चौकस झालेत, सगळं हातानं केलेलं हवं, म्हणून क्विलिंगचे स्नोफ्लेक. सगळे भाचीनं करायचे.

क्विलिंग म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कागदाच्या बारीक, शेवयांसारख्या लांब पट्ट्या. टोकाला खाच असलेल्या सुईत पट्टी अडकवायची, गरगर गुंडाळायची, जरा सैल सोडायची, टोकाला गोंदाचा ठिपका, मग दोन बोटांत चिमटून थेंबाचा नाहीतर पानाचा आकार द्यायचा. असे आकार सहा बाजूंना चिकटवत गेलं की जाळीदार फूल होतं. काम सुरेख. पण ते करणाऱ्यांकडे बघू नये. बायकोनं आणि भाचीनं जेवणाच्या टेबलावर मांड ठोकली, आणि पाहतो तर दोघींच्या बोटांवर गोंद वाळून त्याची सालपटं सुटतायत, त्या ती नखानं सोलतायत आणि माझ्या ताटाशेजारी ठेवतायत. मी एकदा पापडाचा तुकडा समजून एक उचललं. पुढचं सांगत नाही.

"काय झालं मामा, असं तोंड का करायलाव?" भाचीनं विचारलं.

"तुझ्या मामीच्या बोटाची साल आलीय तोंडात."

"तुझ्या मामांना नाटक करायला निमित्त लागत नाही," बायको मान वर न करता म्हणाली. तिचा हात भराभर चालत होता. जन्मभर देवाच्या वाती वळलेल्या बाईला कागद वळणं म्हणजे काय!

अडचण वेगळीच निघाली. फुलं दोऱ्यानं टांगून बघितली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या माना पडलेल्या. कागद मऊ, जाळी मोठी. वजनानं पाकळ्या खाली लोंबायला लागल्या. भिजलेल्या कोंबडीसारखं दिसायला लागलं एकेक फूल. मॅडमनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवला, आणि उत्तरात फक्त एवढंच लिहिलं, "थोडं लिंप वाटतंय." लिंप म्हणजे मलूल. भाची तो फोन मांडीवर ठेवून बसली. गावाकडची बॅग तिला भिंतीला टेकलेली दिसत असावी.

इथे प्रवेश होतो आमच्या घरमालकिणीचा. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. दिघीतलं जुनं घराणं. जमिनी गेल्या, त्या जागी चार मजले आले, पण तळमजल्याला जिन्याखाली मावशींची म्हैस अजून बांधलेली असते आणि पार्किंगमध्ये गाड्यांना शेणाचे शिंतोडे फुकट मिळतात. मावशी दूध द्यायला वर आल्या, टांगलेलं फूल बोटानं हलवून बघितलं.

"ह्ये काय गं पोरी? आजारी हाय का ह्ये?"

"मावशी, कडक राहत नाही ओ. लोंबायलंय."

"मग चिकात बुडव की!"

"कशात?"

"चिकात. कुरडईच्या. वाळला की काचंवानी हुतो. पांढराफेक, वर चकाकतंय. आमी ल्हान व्हतो तवा आई पतंगाला लावायची. त्या बाटलीतल्या गोंदाला काय इचारती?"

बायकोचे डोळे चमकले. मी हादरलो. कुरडई मला आवडते, तळलेली. पण तिचा चीक कसा होतो ते ज्यानं एकदा हुंगलंय तो माणूस पुन्हा पूर्वीचा राहत नाही. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, दिवसेंदिवस आंबवायचे, मग वाटून, गाळून, खाली बसलेलं ते दाट पांढरं शिजवायचं. उन्हाळ्यात गच्चीवर हे उद्योग चालतात तेव्हा वास वाऱ्यावर जातो. इथे डिसेंबर जवळ आलेला, खिडक्या बंद, आणि पातेलं आमच्या ओट्याखाली.

दुसऱ्या दिवशी नुसतं आंबट होतं. तिसऱ्या दिवशी त्या वासाला व्यक्तिमत्त्व आलं. मी कामावरून आलो की जिन्यातच तो मला भेटायचा, बूट काढायला मदत करायचा, आणि मग माझ्याबरोबर आत यायचा. ताकात भिजलेला मोजा, पावसाळ्यातली घोंगडी, आणि तान्ह्या बाळानं खांद्यावर काढलेलं दूध, हे तिन्ही एका डब्यात घालून झाकण लावलं, तर साधारण जवळ जाता येईल. रात्री उशी उलटी केली तर उलट्या बाजूलाही तोच.

"कूलंट बरं गं याच्यापेक्षा," मी म्हणालो.

"मग झोपा जाऊन मशीनपाशी," बायको म्हणाली.

शेवटी मावशी स्वतः पदर खोचून आमच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. चीक शिजवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पातेल्यात तो रटरटायला लागला, एकेक बुडबुडा फुटताना 'पच्' असा आवाज करायला लागला, आणि मी दारात उभा राहून प्रत्येक 'पच्'ला दचकत होतो. मावशींचा हात सवयीनं डब्यांकडे जायचा. चमचाभर मीठ पडलं. चिमूटभर हिंग पडला.

"मावशी!" भाची ओरडली. "अहो, खायचं नाही ते!"

मावशींचा हात हवेतच थांबला. "अगं बया! हात ऱ्हातो व्हय? जन्म गेला चीक करण्यात." मग जरा विचार करून त्यांनी समजूत घातली, "पडू दे. बिनमिठाचा चीक सुतकातला वाटतो."

पण मावशींचं म्हणणं सोळा आणे खरं ठरलं, हे कबूल करायला हवं. चीक पातळ करून ब्रशानं लावलेली फुलं वाळली ती अशी ताठ, अशी चकचकीत, की ट्यूबलाइटखाली खरोखर गोठल्यासारखी दिसत होती. नखानं वाजवली तर टिक् आवाज. मॅडमना नवा फोटो गेला. उत्तर आलं, "वॉव!! हेच हवंय." त्या दिवशी भाचीनं पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. फुलांची दोन खोकी भरली. एक कपाटावर ठेवलं. दुसरं वर मावेना, म्हणून ओट्याखाली सरकवलं.

ओट्याखाली. गव्हाचा चीक, मीठ, हिंग, वर कागदाची कुरकुरीत जाळी. अंधार, ऊब, शेजारी मोरीची जाळी. आम्ही हिमफुलं नव्हती ठेवली. आम्ही पंगत मांडली होती.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी भाचीनं ते खोकं ओढलं, झाकण उघडलं आणि अजिबात आवाज न करता मागे सरकली. मी वाकून पाहिलं. प्रत्येक फुलावर एक पाहुणा बसलेला होता. तांबूस, तेलकट, भरल्या पोटाची झुरळं. काही मिशा हलवत होती, काही नुसती सुस्तावली होती. पाकळ्यांची टोकं कुरतडलेली. तळाशी त्यांनी मागे ठेवलेली बारीक काळी पूड, थेट चहापत्तीसारखी. एक जाडजूड झुरळ फुलाच्या बरोबर मधोमध बसून माझ्याकडे असं बघत होतं, जणू मी मध्येच येऊन त्याचा प्रयोग बंद पाडला. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी कुठल्याही स्पर्धेत काढला असता तर बक्षीस मिळालं असतं.

खोकं गच्चीवर नेलं, उपडं केलं. बायको झाडू घेऊन तुटून पडली. मी खुर्चीवर उभं राहून मार्गदर्शन केलं.

मग प्रश्न उरला फुलांचा. "सगळा लॉट रिजेक्ट," मी निकाल दिला. "एकही पीस जाणार नाही."

"मामा, मग स्टेज मोकळं राहील," भाची म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता. "कपाटावरच्या फुलांत नुसतं दार आणि भिंती होतील. मॅडम स्टेजवरूनच बोलणारेत. मागं काहीच नसलं तर त्या काय म्हणतील? आज संध्याकाळी सांगणारेत त्या मला. बाबांनी कालच फोन करून विचारलंय, येऊ का म्हणून."

बायको माझ्याकडे बघत राहिली. माझा निकाल बदलला. कुरतडलेली, पूड लागलेली फुलं सरळ कचऱ्यात. ज्यांच्यावरून पाहुणे फक्त चालत गेले होते ती कोरड्या ब्रशानं झटकून उन्हात टाकली. कंपनीत याला आम्ही रिवर्क म्हणतो. मी अट घातली: ही फुलं फक्त स्टेजच्या मागच्या पडद्यावर, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशी. भाचीनं देवाची शपथ घेतली आणि पाळलीही. शिडी मीच धरली होती. कपाटावरची निर्मळ फुलं दारापाशी आणि भिंतींवर, झुरळांची पावलं लागलेली स्टेजवर उंच. आमच्या दोघांखेरीज हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

कार्यक्रम छान झाला. पांढरे कपडे घातलेली पोरं नाचली, एक मधेच रडलं, एकानं स्टेजवर चड्डी ओली केली. बाहेर पत्रा कापायचा आवाज चालूच होता. कार्यक्रम संपल्यावर पालक फोटो काढायला सुटले, आणि तेव्हाच दाराकडून आरडाओरडा ऐकू आला.

एका वडिलांनी लेकराला सेल्फीसाठी खांद्यावर घेतलं होतं. लेकराच्या तोंडासमोर स्नोफ्लेक आलं. लेकरानं ते आधी चाटलं. खारट लागलं. मग अर्धं मोडून तोंडात घातलं आणि वडील 'थुंक, थुंक' म्हणत असताना ते मिटक्या मारत 'अजून' म्हणत होतं. बाकीच्या पोरांना बातमी लागली. खांद्यावर चढण्याचे हट्ट सुरू झाले.

भाची सगळ्यांच्या आधी धावली. पोराच्या तोंडात बोट घालून कागदाचा बोळा काढला, पाणी पाजलं, तोंड पुसलं. तोवर मॅडम आल्या.

"काय लावलंय याला?" वडील भडकले होते. चाकणला मोठ्या कंपनीत साहेब असावेत. आवाजात मिटिंग होती. "गोंद? केमिकल? फी कशाची घेता तुम्ही?"

मॅडम भाचीकडे वळल्या. चेहरा हसरा, डोळे मात्र गोठलेले. "मिस, काय वापरलंय?"

भाचीचा श्वास मला लांबून दिसला. "मॅडम, गव्हाचा चीक आहे. कुरडईचा. मीठ न् हिंग घातलंय. बाकी काही नाही. टोकाला गोंदाचा ठिपका आहे, तो लहान मुलांच्या हस्तकलेचाच. कागद गिळायचा नसतो, पण विष काही नाही त्यात."

"म्हणायला काय जातंय!" वडील म्हणाले. "खाऊन दाखवा."

दहा-बारा मोबाइल वर झाले. भाचीनं हात वर करून दाराच्या चौकटीवरचं फूल काढलं, कपाटावरच्या खोक्यातलं, निर्मळ. एक पाकळी मोडली, तोंडात टाकली, चावली. करकर आवाज आला. तिनं चोथा रुमालात घेतला आणि म्हणाली, "हिंग जरा जास्त झालाय."

कुणीतरी हसलं. आणि मॅडम! त्या बाईंना मी त्या क्षणी मनातून मुजरा केला, कारण प्रेक्षक कुठल्या क्षणी फिरतात ते ओळखणारा माणूस मी ओळखतो. त्यांनी दोन्ही हात पसरले. "पालकहो, आमची मुलं काहीही तोंडात घालतात हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच आमच्या मिसनी ही सगळी सजावट घरच्या, खाण्याच्या पदार्थापासून केलीय. बाजारातलं केमिकल आम्ही आणतच नाही." आणि बोलता बोलता त्या दोन पायऱ्या चढून स्टेजवर गेल्या, स्टुलावर उभ्या राहिल्या आणि मागच्या पडद्यावरचं सगळ्यात मोठं फूल तोडलं.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले. उघडेच राहिले. आता काय ओरडणार? 'मॅडम, ते नको, त्यावरून झुरळं गेलीत'? इतक्या मोबाइलांसमोर?

मॅडमनी पाकळी कडकन मोडली. चावली. डोळे मिटून, स्वयंपाकाच्या कार्यक्रमातल्या परीक्षकासारख्या. "अहो, मस्त!" त्या म्हणाल्या, आणि कागद बाजूला काढायची तसदी न घेता गिळून टाकलं. टाळ्या पडल्या. ते वडीलसुद्धा हसले.

माझ्या पोटात सकाळचे पोहे उठून उभे राहिले. पण तोंडावर, काय सांगू, विलक्षण आनंद पसरत होता. अशी किळस आणि असा आनंद मला एकाच वेळी आयुष्यात कधी झाला नव्हता. मी कोपऱ्यात तोंड वळवून खांदे हलवत हसत होतो. बाजूच्या आजीबाईंना वाटलं मला भरून आलंय. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

मॅडम खाली उतरल्या, सरळ आमच्याकडे आल्या. हातात उरलेलं फूल. "तुम्ही मामा ना यांचे? शिडी तुम्हीच धरली होती. तुमच्या घरातलीच रेसिपी म्हणायची ही. मिस, मी तुम्हाला सांगणारच होते..." आणि तिथे त्या थांबल्या. भाचीचे हात ओढणीच्या टोकात गुंतले. पण मॅडमना आतिथ्य आठवलं होतं. त्यांनी फुलाचा मधला भाग, जिथे सगळ्या पाकळ्या जुळतात तो, मोडून माझ्यासमोर धरला. "आधी तुम्ही घ्या, मामा. तोंड गोड नाही, तर खारट करा."

"नको, मॅडम, मला बीपी आहे," मी म्हणालो. "मीठ बंद आहे."

"एवढ्यानं काही होत नाही." त्यांचं हसू किंचित आखडलं. ते चाकणचे वडील अजून बाजूलाच उभे होते, मोबाइल हातात. त्यांनी भुवया वर केल्या.

भाची नुसती माझ्या हाताकडे बघत होती.

मी तो तुकडा घेतला. त्याच्या गुंडाळीत, अगदी आत, एक बारीक तांबडी मिशी अडकलेली मला दिसली. की ती ब्रशाचा केस होती? इन्स्पेक्शनच्या माणसाला इतकं दिसतं, हाच त्याचा शाप. मी तो तुकडा तोंडात टाकला. आधी हिंग आला. मग आंबट. मग ओल्या पुठ्ठ्यासारखा कागद दाढेखाली दबला, आणि त्याच्या मधोमध काहीतरी अगदी हलकंसं कुरकुरलं. मी थुंकू शकत होतो; भाचीनं थुंकलंच होतं की रुमालात. पण माझ्याकडे रुमाल नव्हता, आणि मॅडम माझ्या गळ्याकडे बघत होत्या. मी गिळलं.

"घरची चव," मी म्हणालो.

"तर मिस," मॅडम म्हणाल्या, "जूनपासून लहान गट तुमचा. कायम."

भाचीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि तिथेच खाली बसली. मी तिच्या शेजारी बसू शकलो नाही. मी फार घाईनं, फार प्रसन्न चेहऱ्यानं, सगळ्यांना नमस्कार करत, टायरवाल्याच्या मागच्या नाल्याकडे निघालो होतो.